अर्धा स्पंज

सदाशिव पेठेतला वाडा पाडायचा ठरला तेव्हा दोघा भावांची वाटणी झाली. ती भांडून झाली नाही आणि गोडीनंही झाली नाही, कागदावर झाली. बिल्डरकडून आलेली रक्कम निम्मी-निम्मी. आईची पितळी भांडी वजन करून. वडिलांच्या पुस्तकांची कपाटं नेमकी दोन होती, म्हणून तो प्रश्न आपोआप सुटला. थोरला कोथरूडला जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर जाणार होता, धाकट्यानं वाकडला नव्या टॉवरमध्ये फ्लॅट घेतला होता. पौष सरल्याशिवाय घर हलवायचं नाही, एवढ्या एका गोष्टीवर मात्र दोघांचं चटकन एकमत झालं.

अडलं ते माशांच्या टाकीपाशी.

टाकी वडिलांची. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरली तर अडीचशे लिटर पाणी. आत सहा एंजल, चोवीस निऑन टेट्रा आणि काचेला तोंड लावून बसणारा वीतभर लांबीचा एक सकर. मागे वॅलिसनेरियाच्या लांब पात्यांचं रान, पुढे अ‍ॅमेझॉन स्वॉर्डचे दोन गड्डे, मधल्या वाकड्या ओंडक्यावर जावा फर्न. वडील गेल्यापासून दोन वर्षं टाकी थोरल्या सुनेनं सांभाळली होती. खरं तर त्याआधीही तीच सांभाळायची. वडील खुर्चीत बसून सांगत, पाण्यातला हात तिचा असे.

जुनी टाकी थोरल्याकडे राहील, धाकटा तेवढीच नवी घेईल आणि तिचे निम्मे पैसे थोरला देईल असं ठरलं. मग मासे मोजले. तीन-तीन एंजल, बारा-बारा टेट्रा. सकर एकच होता. धाकट्याच्या मुलीचा त्याच्यावर जीव, म्हणून थोरल्यानं तो धाकट्याला देऊन टाकला. वॅलिसनेरिया जमिनीलगत धुमारे सोडत पसरते, तिची निम्मी रोपं सहज सोडवता येणार होती. स्वॉर्डचा एकेक गड्डा. जावा फर्नचा ओंडका काही कापता येईना, तो थोरल्याला आणि त्याच्या बदल्यात तळातले गोटे धाकट्याला. शेवटी धाकट्यानं पाण्याचा विषय काढला. जुन्या पाण्यातच सगळा जीव असतो, असं त्यानं कुणाकडून तरी ऐकलं होतं. वीस लिटरचे सहा जार त्यानं आधीच आणून ठेवले होते.

“ने की,” थोरला म्हणाला. “पाण्याचं काय एवढं!”

तेही कागदावर चढलं : पाणी, निम्मे.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, “भावजी, फिल्टरमधला स्पंज पण अर्धा कापून न्या. पाण्यापेक्षा तोच जास्त कामाचा आहे.”

धाकट्यानं झाकण उचलून आत पाहिलं. मूळचा निळा स्पंज कधीच तपकिरी झाला होता. बोट लावलं तर बुळबुळीत लागला, आणि दाबल्यावर त्यातून गढूळ पाणी सुटलं. “नवं घर, नवी टाकी, नवा फिल्टर. आणि ही घाण कशाला न्यायची, वहिनी?”

तिनं पुन्हा सांगितलं नाही. वाटणीच्या बैठकीत सुनेचा शब्द एकदाच ऐकला जातो, तोही अर्धवट. आपल्या घरांमधली ही रीत मला फार सलते, कारण ज्या हातांना घर ठाऊक असतं नेमके तेच हात त्या बैठकीत चहा देत असतात.

माघातला पहिला रविवार ठरला. शनिवारी वहिनीनं माशांना खायला घातलं नाही. उपाशी मासा कमी घाण करतो, आणि पिशवीतल्या ओंजळभर पाण्यात तेच महत्त्वाचं असतं; धडधाकट माशाला एक-दोन दिवसांच्या उपासानं काही होत नाही. सकाळी उठल्याबरोबर तिनं हीटर बंद केला. तापलेली हीटरची काच पाण्याबाहेर आली की तडकते, म्हणून अर्धा तास आधी. मग झाडं निघाली. मुळांसकट उचलून तिनं ती ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळली आणि पिशवीत घातली. झाडांना प्रवासात बुडवून ठेवावं लागत नाही, ओल टिकली की पुरते. त्यानंतर नळीनं पाणी उतरवलं, तेही साबण कधी न लागलेल्या बादल्यांमध्ये. पाणी चार बोटं उरलं तेव्हा कुठे माशांना हात लावला. भरल्या टाकीत जाळी घेऊन माशामागे धावलं की मासा दमतो आणि धावणाराही. एंजलचे लांब पर जाळीत फाटतात, म्हणून ती पारदर्शक डबा हळूच खाली सरकवून मासा पाण्यासकट उचलत होती. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग हवा. कोपऱ्यात मासा अडकून चेंगरू नये म्हणून खालचे दोन्ही कोपरे रबरानं बांधलेले, आणि एकावर एक दोन पिशव्या. एंजल एकेका पिशवीत स्वतंत्र. सकरच्या पराचा काटा पिशवी भोसकतो, म्हणून त्याला झाकणाची बादली. सगळं थर्माकोलच्या पेटीत, अंधारात. अंधारात मासे शांत राहतात.

धाकट्याच्या वाट्याचे मासेही तिनंच असे बांधून दिले. त्यात तिनं हातचं काही राखलं नाही.

सामान हलवायला आलेली माणसं घाईत होती. तळात थोडं पाणी आणि खडी तशीच ठेवून चौघांनी टाकी उचलायची, असं त्यांचं म्हणणं. “रोज उचलतो, ताई.” वहिनी टाकीसमोर उभी राहिली. तळात चार इंच पाणी म्हणजे त्या टाकीत सत्तावन्न लिटर, म्हणजे तेवढेच किलो, शिवाय खडी. जिन्यात टाकी जरा कलली की ते सगळं पाणी एका टोकाला धावतं आणि भार एकाच सांध्यावर येतो. काच त्या क्षणी फुटतेच असं नाही. सिलिकॉनचा सांधा आतून उसवतो आणि पुढे नव्या घरात एखाद्या रात्री टाकी गळू लागते. तिनं खडी घमेल्यात काढायला लावली, टाकी पुसून कोरडी केली आणि मगच सोडली.

स्पंज सगळ्यांत शेवटी निघाला. छोट्या बादलीत टाकीचंच पाणी, त्यात स्पंज, आणि झाकण नाही. रिक्षात ती बादली दोन पायांमध्ये धरून वहिनी कोथरूडला गेली. तिथे स्टँड पाणसळीनं समतल केला, त्यावर थर्माकोलचा तुकडा, त्यावर टाकी. खडी, जुनं पाणी, त्यात नळाचं पाणी आणि क्लोरिन मारायचं औषध. देवघर मांडायच्या आधी फिल्टर सुरू झाला. सासू असती तर बोलली असती कदाचित. पण स्पंज पाण्याच्या प्रवाहाशिवाय किती तास तग धरतो ते वहिनीला सासऱ्यांनी शिकवलं होतं, आणि देव थांबू शकत होते.

त्या मळक्या स्पंजात काय होतं ते इथेच सांगायला हवं. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो. उरलेलं अन्न आणि विष्ठा कुजून त्यात भरच पडते. अमोनिया माशाचे कल्ले जाळतो. टाकीत काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि ते मासे बऱ्यापैकी सोसतात, झाडं तर खातात. शेतातल्या मातीत हेच काम चालू असतं. सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञानं १८९० च्या सुमारास मातीतल्या या कामकरी जिवांचा छडा लावला. हे जीव पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते चिकटून राहतात : खडीवर, लाकडावर, काचेवर आणि सर्वांत जास्त स्पंजात, कारण तिथे पाणी वाहतं आणि वाहत्या पाण्याबरोबर प्राणवायू येतो. स्पंज बंद पिशवीत कोंडला तर ते काही तासांत गुदमरू लागतात. नळाखाली धुतला तर क्लोरिननं मरतात. आणि ते वाढतात फार सावकाश. कोऱ्या टाकीत त्यांची वस्ती पुरती बसायला चार ते सहा आठवडे सहज लागतात. धाकट्यानं मोजून नेलेल्या एकशेवीस लिटर पाण्यात ते जवळजवळ नव्हतेच.

रविवारी रात्री घरच्या ग्रुपवर धाकट्याच्या टाकीचा फोटो आला. पांढरीशुभ्र खडी, आरपार काच, निळा दिवा. थोरल्याची टाकी मात्र जुन्या खडीतला गाळ उठल्यामुळे ताकासारखी दिसत होती. धाकट्याच्या मुलीनं विचारलं, काकांचे मासे दिसत का नाहीत?

मंगळवारी थोरल्याची टाकी निवळली. सहा-सात दिवसांनी स्वॉर्डची दोन जुनी पानं पिवळी पडली, ती वहिनीनं कापली. यापलीकडे त्या टाकीबद्दल सांगण्यासारखं काही घडलं नाही.

वाकडला बुधवारपर्यंत सगळे खूश होते. नव्या जागेत आले म्हणून धाकटा माशांना दिवसातून तीनदा खाऊ घालत होता. गुरुवारी सकाळी टेट्रा पृष्ठभागाशी तोंडं आणून उघडझाप करू लागले. एंजलनी पर अंगाशी मिटले, त्यांचे कल्ले लालभडक दिसायला लागले. पाणी तर काचेसारखं स्वच्छ! धाकट्याला काही कळेना. दुपारी दोन टेट्रा गेले, शुक्रवारी तीन. शनिवारी पहाटे एक एंजल आडवा तरंगताना त्याच्या मुलीनं पाहिला.

धाकट्यानं थोरल्याला फोन केला. रडणारी पोर शेजारी, हातात मेलेला मासा. त्या क्षणी तो जे बोलला ते बोलायला नको होतं. “दादा, मोजून बरोबर दिलेस, पण आजारी निवडून दिलेस.”

थोरल्यानं फोन ठेवला. तो रागीट माणूस नव्हे. पण इतकी वर्षं एका ताटात जेवलेल्या भावाकडून हे ऐकल्यावर तो बराच वेळ खिडकीशी उभा राहिला. वहिनीनं त्याला काही विचारलं नाही. तिनं धाकट्या जावेला फोन लावला आणि तीनच प्रश्न विचारले. पाणी कुठलं भरलंय? खाऊ किती घालताय? अमोनिया तपासलाय का?

पाणी बोअरचं होतं. त्या टॉवरला महापालिकेचं पाणी अजून पुरेसं मिळत नव्हतं. टँकर आणि बोअर यांवर काम चालायचं. आपल्या काळ्या कातळातून उपसलेलं पाणी बहुधा क्षारयुक्त असतं, त्याचा सामू चढा असतो. इथेच फास आवळला होता. पाण्याचा सामू ७ असताना एकूण अमोनियातला अगदी किंचित भाग खऱ्या विषारी रूपात असतो. सामू ८ वर गेला की तो भाग जवळपास दहापट होतो. म्हणजे कोथरूडला जेवढी घाण मासे सोसून गेले असते, तेवढीच वाकडला त्यांचा जीव घेत होती. त्यात भर सकरची. तो बिचारा खातो भरपूर आणि घाणही भरपूर करतो.

वहिनीनं कात्री आणली आणि थोरल्यापुढे ठेवली. “स्पंज कापायचाय. मला त्या जाडीला जोर पुरत नाही.”

“त्यालाच नको होता.”

“नको म्हणाले तेव्हा त्यांना माहीत नव्हतं.”

“आणि आपल्या टाकीचं काय? अर्ध्यावर आपले मासे जगतील?”

“खडी आहे, ओंडका आहे. खाणं आठवडाभर अर्धं करू. भरून येतं ते.”

थोरला काही वेळ नुसता कात्रीकडे पाहत राहिला. मग त्यानं स्पंज बादलीतल्या पाण्यातच धरला आणि मधोमध कापला. कापताना त्यानं माप घेतलं नाही. कात्री जरा तिरकी गेली, मोठा तुकडा कुठला ते दोघांनाही दिसलं, आणि मोठाच तुकडा डब्यात गेला. नळाचं पाणी शिळं करून ठेवलेले चार जार त्यानं गाडीच्या डिकीत चढवले. खडकवासल्याचं हे पाणी बोअरपेक्षा कितीतरी मऊ. वाटेत त्यानं माशांच्या दुकानाशी गाडी थांबवून अमोनिया तपासायची बाटली घेतली. वाकड येईपर्यंत कोणी बोललं नाही. वहिनीच्या मांडीवरचा डबा उघडाच होता.

धाकट्यानं दार उघडलं तेव्हा समोर थोरला होता, दोन्ही हातांत जार. जार माणसाच्या हातात असले की त्याला दारात उभं ठेवता येत नाही. धाकट्यानं पुढे होऊन एक जार घेतला.

वहिनी थेट टाकीशी गेली. चाचणीच्या नळीत पाणी गडद हिरवं झालं. धाकट्या जावेनं तो रंग पाहिला आणि पाहुण्यांसाठी काढलेली पोह्यांची थाळी तशीच ओट्यावर ठेवून ती बादल्या आणायला धावली. एक तृतीयांश पाणी काढलं, कोथरूडचं पाणी बारीक धारेनं, थांबत थांबत घातलं. सामू आणि क्षार एकदम बदलले तर आजारी मासा त्या धक्क्यानंच जातो. नव्या स्पंजाला चिकटून जुना तुकडा बसवला, हवेचा पंप वाढवला. चार दिवस खाणं बंद.

“चार दिवस?” मुलीचा आवाज कापरा झाला.

“आत्ता खाऊ घातलंस तर तेच त्यांना लागेल, बाळा. त्यांना भूक सोसते, हे सोसत नाही.”

स्वयंपाकघरात धाकटी जाऊ हळूच म्हणाली, “तुमच्या टाकीचा निम्मा जीव काढून आणलात, ताई.” वहिनीनं तिच्या फ्रिजमधल्या दह्याच्या सटाकडे बोट केलं. “हे विरजण कुणाकडून आणलंस?”

“शेजारच्या काकूंकडून.”

“मग त्यांच्या घरी दही लागायचं थांबलं का?”

बाहेर थोरला टाकीभोवती फिरत होता. दोघा भावांमध्ये अजून एक शब्द झाला नव्हता. शेवटी तो बोलला तेही टाकीबद्दलच. “भिंतीला चिकटवून का ठेवलीस? मागच्या बाजूनं हात कुठून घालणार? वायर भिजली तर दिसणारही नाही.”

“बिल्डरनं पॉइंट तिथेच दिलाय,” धाकटा म्हणाला. आणि मग, टाकीकडेच बघत : “दादा, सकाळी मी...”

“पाणी रोज थोडं बदल. रोज. रंग उतरेपर्यंत.”

धाकट्यानं तेच केलं. ऑफिसातून आला की आधी नळी, बादली, चाचणी, मग चहा. दर दोन दिवसांनी थोरला कोथरूडहून चार जार आणून द्यायचा. कधी वर यायचा, कधी वॉचमनकडे ठेवून जायचा. आणखी एक टेट्रा गेला. पाचव्या दिवशी एंजलनी पर उघडले. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी नळीतलं पाणी पिवळं राहिलं, म्हणजे अमोनिया संपला. नायट्राइट उतरायला आणखी काही दिवस लागले. कोथरूडच्या टाकीची चाचणी वहिनी रोज घेत होती. तिथे रंग एकदाही बदलला नाही. उरलेल्या तुकड्याशेजारी तिनं नवा तुकडा लावला होता, आणि तोही हळूहळू मळकट होत चालला होता.

शनिवारचं ते फोनवरचं बोलणं पुढे कुणीच काढलं नाही. त्याची माफी मागितली गेली की नाही, असं मला कुणी विचारलं तर मी त्या जारांकडे बोट दाखवीन. दोघांनी मिळून ते किती वेळा वर चढवले हे लिफ्टला ठाऊक.

चैत्रात धाकट्याचा फोन आला. टाकी भिंतीपासून वीतभर पुढे घ्यायची होती. “एकट्यानं जमणार नाही. येशील?”

थोरला आणि वहिनी रविवारी पोचले तेव्हा निम्मं काम झालेलं होतं. मासे आदल्या दिवशी उपाशी ठेवलेले, हीटर काढून गार करून ठेवलेला, झाडं ओल्या कागदात. खडी टबात. टेट्रा आणि एंजल झाकलेल्या बादल्यांमध्ये. सकर त्याच्या स्वतंत्र बादलीत, आणि तिच्यावर ‘उघडू नका’ अशी मुलीनं लिहिलेली चिठ्ठी. कोपऱ्यातल्या एका बादलीत टाकीचंच पाणी, त्यात दोन्ही स्पंज, आणि हवेच्या पंपाची नळी थेट त्यांच्यावर बुडबुडे सोडत होती.

वहिनीनं त्या बादलीत डोकावून पाहिलं, आणि पदर खोचून ती खडी हलवायला बसली.

कोरडी टाकी दोघा भावांनी दोन टोकांनी धरली. चार फूट काच हलकी नसते.

“थांब,” थोरला म्हणाला. “तो थर्माकोल आधी सरळ कर. आणि तुझी बाजू खाली जातेय, जरा वर घे.”